शिरूर-दौंडचा माळ : चालणाऱ्यांचा इतिहास

आपल्याकडे डोंगर चढण्याची हौस गेल्या पन्नास-साठ वर्षांत चांगलीच वाढली. पुण्याचे तरुण शनिवार-रविवारी पाठीला पिशव्या लावून निघतात आणि राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, नाणेघाट करून येतात. त्यावर पुस्तके निघाली, संस्था निघाल्या, छायाचित्रांची प्रदर्शने झाली. यात वाईट काही नाही. मात्र पुणे जिल्ह्याचा नकाशा पुढे ठेवून पाहिला, तर ही सगळी पावले एकाच दिशेला वळलेली दिसतात. मावळ, मुळशी, भोर, जुन्नर. पूर्वेकडच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत कोणी हौसेने चालायला येत नाही. येथे लोक येतात ते रांजणगावच्या गणपतीला, रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांत कामाला, नाही तर दौंड जंक्शनला गाडी बदलायला. आमच्या भागात पाहण्यासारखे काही नाही, असा एक समज आहे. तो इतरांनी करून दिला आणि आम्ही तो मान्य केला.

या समजाचा इतिहास थोडा तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी इतिहासाचा मास्तर आहे, चित्रकलेचा किंवा वनस्पतिशास्त्राचा नव्हे. पण ज्या प्रसंगामुळे हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो चित्रकलेचाच आहे, म्हणून तो आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी भुलेश्वराच्या डोंगररांगेत निसर्गचित्रणाचे एक शिबिर भरले होते. मी सात विद्यार्थी घेऊन गेलो. भुलेश्वराचे यादवकालीन देऊळ तालुक्याने पुरंदरात पडते, पण चढण यवतच्या बाजूची, म्हणजे आमच्या दौंडची. सकाळची वेळ, कोवळे ऊन, कार्तिकातले पिवळे पडत चाललेले गवत. मुले उतारावर बसून चित्रे काढीत होती. आमच्या एका मुलीने समोरचा डोंगर काढला, त्यावरून खाली येणारी पायवाट काढली आणि पायवाटेवर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई काढली. शिकवायला आलेल्या गृहस्थांनी चित्र पाहिले, हात चांगला आहे म्हणाले आणि पुढे सांगितले की ही बाई काढून टाक, तिच्यामुळे डोंगराचा भव्यपणा कमी होतो. मुलीने खोडरबराने बाई पुसली. परतताना एसटीत ती माझ्या शेजारच्या बाकावर बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सर, ती माझी चुलती होती."

त्या गृहस्थांच्या मनात काही वाकडे होते असे मला म्हणायचे नाही. त्यांनाही कोणीतरी तसेच शिकवले असणार. प्रश्न असा आहे की ही शिकवण आली कोठून, आणि ती येण्यापूर्वी या माळाला कोण पाहत होते.

आधी भूमी सांगितली पाहिजे. घोड, कुकडी, वेळ आणि भीमा या नद्यांच्या आधाराने हा प्रदेश पसरला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येथे पोचेपर्यंत वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. खाली काळा कातळ, वर मुरूम, मुरमावर बोटभर माती आणि त्या मातीत गवत. कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा. बाभूळ, बोर, हिवर, लिंब अशी अंतराअंतराने उभी झाडे. या गवतावर काळवीट, चिंकारा, ससा, तित्तर जगले, त्यांच्या मागे लांडगा जगला, आणि याच गवतावर भीमथडीची तट्टे पोसली गेली, ज्यांच्यावर मराठ्यांची घोडदळे हिंदुस्थानभर फिरली. दौंड आणि बारामती मिळून पूर्वी भीमथडी तालुका होता. तट्टांचे कौतुक बखरीत आहे. त्यांना गवत कापून आणून घालणाऱ्यांचे नाव मात्र कोठे सापडत नाही.

उत्तरेला टाकळी हाजी आणि पलीकडच्या निघोजच्या मध्ये कुकडीने कातळात रांजणखळगे कोरले आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे हजारो वर्षे गरगर फिरून एवढाले रांजण झाले. माणसाने केलेले कोणतेही शिल्प मला याहून मोठे वाटत नाही. हे मी विषय सोडून बोलतो आहे, पण पाहण्यासारखे काही नाही म्हणणाऱ्यांना एकदा तेथे उभे करावे असे वाटते.

आता या भूमीवर चालणाऱ्यांकडे वळू. जुन्या गावगाड्यात सर्वांत जास्त चालणारा माणूस महार होता. सरकारी चिठ्ठी पुढच्या गावी पोचविणे, मेलेल्याचा सांगावा पाहुण्यांच्या गावी नेणे, वसुलाच्या पैशाबरोबर तालुक्याला जाणे, वाटसरूला शिवेपर्यंत सोडणे, अंमलदाराचा डेरा पडला की गवत-सरपण आणणे, रात्री गस्त घालणे. हातात काठी, पायात बहुधा काही नाही. ही बिगार होती आणि तिच्या बदल्यात बलुते म्हणून मिळे ते शिळे-पाके. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये आणि दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये हे आपण वाचले आहे. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा एक मुख्य आक्षेप हाच होता की वतनदार महाराच्या पायांवर सरकारचा चोवीस तास हक्क आहे आणि तो हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या पुरुषाला उचलून नेले जाते. ही वतने कायद्याने संपायला १९५८ उजाडावे लागले.

पण या चालण्याची दुसरीही बाजू आहे. ती आपण लाजेखातर सांगत नाही. गावाची शीव महाराला पाठ असे. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष निर्णायक धरीत. त्याला शीव चालून दाखवावी लागे. कोणत्या ओढ्याला शीव वळते, कोणत्या बोरीपाशी पुरलेला दगड आहे, कोणत्या टेकाडाचे पाणी कोणीकडे उतरते, हे त्याने बापाच्या मागे चालत शिकलेले असे. अलेक्झांडर रॉबर्टसनने १९३८ साली महारांवर पुस्तक लिहिले, त्यात हा विषय येतो. महाराला 'धरणीचा पूत' म्हणण्याची रीत होती. हे म्हणणाऱ्यांनी धरणी मात्र स्वतःच्या नावावर ठेवली, ती गोष्ट वेगळी. माझे म्हणणे एवढेच की भूगोल नावाचे जे शास्त्र आहे, त्याचा गावपातळीवरचा जाणकार हा अस्पृश्य माणूस होता. त्याला सावली पाडण्याची बंदी असलेल्या गावाचा संपूर्ण नकाशा त्याच्या तळपायांत होता.

इंग्रज आले तेव्हा त्यांना नेमके हेच ज्ञान हवे होते. वसईच्या १८०२ च्या तहानंतर कंपनीच्या फौजेचा तळ शिरूरला, म्हणजे घोडनदीला पडला. त्या काळच्या लष्करी अधिकाऱ्याला प्रदेशाचे रेखाटन करता येणे हा शिक्षणाचा भाग होता. टेकडीवर चढायचे, खालचा मुलूख, नदी, उतार, वाटा कागदावर उतरवायच्या. त्याआधी पुण्याच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा रेसिडेंट असताना चित्रकलेची शाळा निघाली होती आणि गंगाराम चिंतामण तांबट नावाचा आपला एक कलावंत वेरूळची लेणी जाऊन रेखाटून आला होता. गंगारामची चित्रे आज परदेशातल्या संग्रहांत आहेत. तो स्वतः जाऊन, पाहून, मोजून काढी. मोकळ्या आभाळाखाली बसून चित्र काढण्याची आधुनिक रीत आपल्याकडे अशी आली. पुढे १८५७ साली मुंबईला जे. जे. कलाशाळा निघाली. मला दिसते ते असे की या रीतीत पाहणारा नेहमी उंचावर असतो आणि माणसे खाली, मुंग्यांएवढी, केवळ डोंगर किती मोठा आहे हे कळावे म्हणून. खोडरबराने चुलती पुसायला सांगणारी नजर या परंपरेतली आहे. तिचा जन्म मुलूख ताब्यात घेण्याच्या गरजेतून झाला, हे आपण विसरतो.

येथे एक नोंद करून पुढे जातो. शिरूरच्या तळावर १८०९ साली कर्नल वॉलेस मेला. आसपासच्या लोकांनी त्याला सत्पुरुष ठरवले आणि त्याच्या कबरीला नैवेद्य दाखवू लागले, असे पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. परक्या कर्नलाचा देव करायला आमच्या गावांना अडचण पडली नाही.

आता ३१ डिसेंबर १८१७ ची रात्र. आपल्या चळवळीत १ जानेवारीबद्दल पुष्कळ बोलले जाते, त्याच्या आदल्या रात्रीबद्दल फारसे नाही. मला ती रात्र अधिक महत्त्वाची वाटते. पुण्यावर पेशव्याचा हल्ला येत आहे अशी बातमी आली आणि कॅप्टन स्टाँटनला शिरूरहून कुमकेला बोलावणे आले. रात्री आठच्या सुमारास तो निघाला. बरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, सुमारे पाचशे शिपाई, अडीचशे-तीनशे स्वार, दोन तोफा आणि त्यांवरचे चोवीस गोरे गोलंदाज. शिरूर ते कोरेगाव सुमारे चाळीस किलोमीटर. सकाळी दहाच्या सुमारास ते भीमेजवळच्या उंचवट्यावर पोचले आणि पलीकडे त्यांना पेशव्याची सारी फौज दिसली. वीस हजारांवर घोडदळ आणि आठ हजारांच्या घरात पायदळ, अशी संख्या सांगितली जाते. प्रत्यक्ष गावात शिरून लढले ते त्यांतले अरब, गोसावी वगैरे थोडे. पण ती फौज समोर होती ही गोष्ट खरी.

चौदा तास, थंडीच्या दिवसांत, तोफांच्या गाड्यांबरोबर. तिथी पाहिली तर तो वद्य पक्ष होता, चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवला असणार आणि तोही अर्ध्याहून कमी. म्हणजे पहिला निम्मा रस्ता अंधारात काढलेला. कारेगाव, रांजणगाव, कोंढापुरीच्या बाजूचा माळ, मग वेळ नदीचे पात्र ओलांडून शिक्रापूर, सणसवाडी. आज हा सगळा महामार्ग आहे, दोन्ही बाजूंना कारखान्यांचे दिवे आहेत. त्या रात्री मुरूम, कुसळी आणि बाभळीचे काटे होते. त्या शिपायांतले अनेक जण याच मुलखातल्या महारवाड्यांतून भरती झालेले होते. इतर जातींचेही होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण अंधारात माळ तुडविण्याची विद्या कोणाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची होती, हे वेगळे सांगायला नको. ज्या पायांना गावाने बिगारीला जुंपले होते, तेच पाय त्या रात्री बंदूक घेऊन चालले.

दुसऱ्या दिवशीची लढाई मी येथे सांगत बसत नाही. दोनच गोष्टींकडे लक्ष वेधतो. पेशवा दुसरा बाजीराव नदीपलीकडे, सुमारे दोन मैलांवरच्या उंचवट्यावरून लढाई पाहत होता. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह त्याच्याबरोबर होते. त्यांनी उन्हासाठी अब्दागीर धरली तेव्हा, इंग्रजांचा गोळा यायचा, असे सांगून पेशव्याने ती उतरवायला लावली अशी हकीकत ग्रँट डफने दिली आहे. उंचावरून देखावा पाहणारा असा आणि खाली गावाच्या भिंतींआड तहानेने व्याकूळ झालेले शिपाई तसे. दुसरी गोष्ट हीच, तहान. भीमा समोर वाहत होती आणि दिवस मावळेपर्यंत त्यांना तिचे पाणी मिळाले नाही. रात्री हल्ले मंदावल्यावर मिळाले. पेशव्याची फौज निघून गेली, आणि स्टाँटन २ तारखेच्या रात्री जखमींना घेऊन निघाला व ३ ला सकाळी शिरूरला परत पोचला. म्हणजे तीच वाट पुन्हा, उपाशीपोटी.

२६ मार्च १८२१ ला स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावरील मृतांच्या नावांत 'नाक' हा प्रत्यय असलेली बावीस नावे आहेत. पुढे १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनीच महारांची भरती बंद केली आणि शिवराम जानबा कांबळ्यांना १९१० साली विलायतेला अर्ज धाडून ती पुन्हा सुरू करा म्हणून मागावे लागले. राज्यकर्ता बदलला म्हणून पायांची किंमत बदलतेच असे नाही. याच शिवराम जानबांच्या पुढाकाराने १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला आले. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. या दोन तारखांचा संबंध कोणी कागदोपत्री जोडलेला मला माहीत नाही आणि मीही जोडून दाखवत नाही. पण समोर पाणी दिसत असून न मिळालेल्या माणसांच्या स्तंभापाशी उभे राहून त्या वर्षाची सुरुवात झाली होती.

कोरेगावच्या स्तंभापलीकडे आमच्या भागातील कलेचा विचार केला तर काय दिसते? चौफुल्याच्या संगीतबाऱ्या महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. कवठे यमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशांना वगनाट्ये आणि गीते लिहून दिली. २०१८ सालचा राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. तमाशाचे फड बैलगाडीने आणि पायी हिंडले, आणि त्यांत ढोलकी, हलगी, तुणतुणे कोणाच्या हातांत होते हे आपल्याला ठाऊक आहे. जात्यावर बायांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी या ओव्या गोळा करण्याचे जे प्रचंड काम केले, त्याने एक लाखाचा आकडा ओलांडला. त्यात शिरूर तालुक्यातील सविंदण्याच्या बायांच्या ओव्या आहेत. या ओव्यांतला निसर्ग पाहावा. त्यात वाट येते ती माहेरची किंवा पाण्याची, डोंगर येतो तो भावाच्या गावाआड उभा असलेला, पाऊस येतो तो पेरणीच्या काळजीसह. कोणीही बाई टेकडीवर जाऊन सूर्यास्त पाहत नाही, कारण त्या वेळी तिला चूल पेटवायची असते. म्हणून तिला सौंदर्य कळत नव्हते असे म्हणणारा माणूस मला भेटला तर मी त्याला आमच्या आजीची ओळख करून दिली असती.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. दौंड तालुक्यातले रस्ते आणि पाझर तलाव त्या साली रोजगार हमीच्या कामांतून झाले. मिळणारी सुकडी ती लेकरांसाठी पदरात बांधून आणी. एरवी गायरानातून गवत कापून भारा विकणे हा तिचा धंदा. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. पण तिला गवताच्या प्रत्येक जातीचे नाव माहीत होते. कोणते गुरे आवडीने खातात, कोणते फुलोऱ्यावर यायच्या आत कापले नाही तर वाया जाते, कोणते छपराला टिकते. कुसळीचे कुसळ ओले झाले की पीळ सोडत फिरते आणि स्वतःला मातीत रोवते, हे तिने मला लहानपणी तळहातावर थुंकी लावून दाखवले होते. पुढे पुस्तकात हे बीजप्रसाराचे तंत्र म्हणून वाचले तेव्हा मी एकटाच हसलो. आजी गेली त्या वर्षी मी एम.ए. झालो होतो. तिने सांगितलेल्या नावांतली मला आज अकरा आठवतात.

हे मी हळवेपणाने लिहीत नाही. यातून एक प्रश्न निघतो आणि तो आपल्या साहित्याला विचारायचा आहे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याची जी चिरफाड केली ती अक्षरशः खरी होती आणि आहे. खेडे सोडा, शहरात जा, शिका, हा आदेश मानला म्हणूनच मी आज ही लेखणी धरू शकलो. दलित साहित्याने बालकवींच्या वाटेचा हिरवागार निसर्ग नाकारला तेही योग्यच झाले; ज्याला पाणवठ्यावर जाता येत नाही त्याने झऱ्यावर कविता कशी करायची? परंतु खेडे नाकारताना आपण माळही नाकारला. गाव त्यांचे होते. पाटलाचा वाडा, देऊळ, चावडी त्यांची होती. माळ कोणाचा होता? त्यावर तर आपलीच माणसे चालत होती. अण्णा भाऊ साठे लहानपणी वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी चालत आले आणि त्यांच्या कथांत वारणेचे खोरे जे उभे राहते ते चालणाऱ्या माणसाच्या नजरेने. आपल्या पुढच्या पिढ्यांनी हा धागा म्हणावा तसा उचलला नाही. चित्रकलेत मात्र अलीकडे काही वेगळे दिसते. चंद्रपूरचे प्रभाकर पाचपुते कोळशाने खाणकामगार आणि खणून काढलेली जमीन रेखाटतात. त्यांच्या चित्रात जमीन आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत.

माळ कोणाचा, हा प्रश्न नुसता साहित्यिक नाही. तो सातबाऱ्याचा आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. किती झाली, हे प्रत्येक गावच्या तलाठ्याला विचारावे. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरची अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा ज्या झोपड्यांवर त्या चिकटल्या त्या कोणाच्या होत्या हे आम्ही पाहिले आहे. त्याच वेळी दुसरीकडून वन्यजीवांचे अभ्यासक सांगू लागले की गवताळ माळ ही पडीक जमीन नव्हे, लांडगा आणि चिंकारा येथेच जगतात, येथे गिरिपुष्पाची झाडे लावणे थांबवा, माळ माळासारखा ठेवा. इंदापूर-बारामतीकडच्या माळांवर वनखात्याने पर्यटकांसाठी गवताळ सफारीही सुरू केली. आमच्या शिरूरला कालव्याचे पाणी आले, माळ फोडून ऊस झाला, आणि उसात बिबट्या आला. त्याने माणसे नेली.

माझी अडचण अशी की मला हे अभ्यासक बरोबर वाटतात. माळ पडीक नाही हे माझी आजी त्यांच्या कितीतरी आधी सांगत होती. पण माळ वाचवायचा म्हणून पहिली झोपडी उठणार ती पारध्याची किंवा आपली, आणि कारखान्याचे कुंपण जागच्या जागी राहणार, हेही मला दिसते. चळवळीतल्या मित्रांशी बोलतो तेव्हा ते म्हणतात, लांडग्याचे काय घेऊन बसलास, दोन एकर नावावर झाले पाहिजेत. वन्यजीववाल्यांशी बोलतो तेव्हा ते गप्प बसतात किंवा विषय बदलतात. धनगराच्या वाड्यावर विचारले तर म्हातारा म्हणाला, लांडगं वर्षाला चार करडं नेतं, ते आम्ही धरूनच चालतो, पण तार मारली की सगळंच गेलं. या तिघांना एका ठिकाणी बसवावे, आणि गवत कापणाऱ्या बायांना आधी बोलू द्यावे, असे मला वाटते. अशी बैठक मी घडवून आणू शकलेलो नाही.

जे करू शकलो ते लहान आहे. गेल्या वर्षी डिसेंबरात, १ जानेवारीच्या गर्दीच्या पुष्कळ आधी, वद्य पक्षातली रात्र पाहून आम्ही शिरूर ते कोरेगाव चाललो. २०१८ च्या १ जानेवारीला याच रस्त्यावर दगडफेक आणि जाळपोळ झाली होती, त्यामुळे परवानगीसाठी बरेच हेलपाटे पडले. अकरा मुले-मुली, मी, आणि मागे सामानाचा टेम्पो. आठला निघालो. मालमोटारींच्या प्रकाशात वद्य पक्ष काही कळला नाही, पण रांजणगाव ओलांडल्यावर आम्ही शेताच्या कडेने आत उतरलो तेव्हा एकदम अंधार झाला आणि मुले बोलायची थांबली. कोंढापुरीच्या अलीकडे दोघांचे पाय फुटले. वेळ नदीच्या पुलावर बसून भाकरी खाल्ली. एका मुलाने विचारले, त्यांना चप्पल होती का सर? मला सांगता आले नाही.

साडेनऊला कोरेगावात पोचलो, म्हणजे स्टाँटनपेक्षा अर्धा तास आधी, आणि आमच्याजवळ तोफा नव्हत्या. नदीकाठी बसून सगळ्यांनी कागद काढले. बहुतेकांनी पलीकडचा स्तंभ काढला. भुलेश्वरला आलेली ती मुलगीही बरोबर होती. आता ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने कागद जवळजवळ सगळा काळा केला होता. विचारले तर म्हणाली, ही भिंत आहे, मी आतून बघतेय. वर डाव्या कोपऱ्यात बोटभर जागा कोरी सोडलेली होती, ती भीमा. भिंतीला टेकून तिने माणसे काढली होती, पाच-सहा, आणि त्यांतल्या एकाच्या पायाशी गवताची एक काडी. कोणते गवत म्हणून मी विचारले. कुसळी, ती म्हणाली, आणि शेजारच्या मुलाने लगेच तिची चूक काढली की कुसळीचे तुरे असे नसतात, हा मारवेल आहे. त्यावरून दोघांचे भांडण लागले ते टेम्पो निघेपर्यंत मिटले नाही.